विश्लेषण : माहितीच्या पुरावर कागदी चिठ्ठीचा उतारा... कार्ल लिनियस यांनी कामाची पद्धत कशी बसवली?

आंबा, वड, पिंपळ आणि चिंच यांची शास्त्रीय नावे 270 वर्षांपूर्वी स्वीडनमधील एका प्राध्यापकाने ठरवली. त्या नावांमागे होती सुटे कागद, कोरी पाने, खुणा आणि चिठ्ठ्या यांची एक शिस्तबद्ध व्यवस्था. ती कशी उभी राहिली, कुठे उपयोगी पडली आणि कुठे घातक ठरली?

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘द्विनाम पद्धती’ हा धडा येतो आणि त्यासोबत कार्ल लिनियस हे नाव येते. परीक्षेपुरते ते लक्षात राहते आणि पुढे विसरले जाते. मात्र लिनियस यांची खरी झुंज होती ती हाताबाहेर जाणाऱ्या माहितीशी. रोज नवे नमुने, नवी पत्रे, नवी पुस्तके येत होती. ती सगळी नोंदवायची, जुन्याशी ताडून पाहायची आणि लागेल तेव्हा पटकन सापडली पाहिजेत, अशी ठेवायची होती. मोबाइलमध्ये हजारो फोटो साठवून हवा तो एक शोधत बसणाऱ्या आजच्या माणसाला ही अडचण ओळखीची वाटेल. लिनियस यांच्या हाती तेव्हा फक्त कागद, शाई आणि लाकडी कपाट होते.

कार्ल लिनियस कोण होते?

दक्षिण स्वीडनमधील रोशुल्ट या खेड्यात 23 मे 1707 रोजी त्यांचा जन्म झाला. वडील निल्स हे धर्मोपदेशक होते आणि त्यांना बागेचा विलक्षण नाद होता. घराण्याला आडनाव नव्हते. विद्यापीठात नाव नोंदवताना ते लागले, तेव्हा निल्स यांनी घराच्या जमिनीवरील लिंडन वृक्षावरून ‘लिनियस’ हे आडनाव घेतले. मुलानेही धर्मोपदेशक व्हावे, अशी घरची इच्छा होती. मुलाचे लक्ष मात्र झाडापानांत होते. योहान रोथमन या शिक्षकाने वडिलांची समजूत घातली आणि मुलाला वैद्यकशास्त्राकडे वळवले. त्या काळात औषधे प्रामुख्याने वनस्पतींपासून बनत, त्यामुळे वैद्यकाच्या अभ्यासात वनस्पतीशास्त्र ओघानेच येई.

1727 मध्ये ते लुंड विद्यापीठात गेले आणि पुढच्याच वर्षी उप्साला येथे. पैशांची चणचण होती. ओलोफ सेल्सियस या विद्वानाने त्यांचे वनस्पतींचे ज्ञान पाहून त्यांना आपल्या घरी आसरा दिला. 1730 मध्ये, स्वतः विद्यार्थी असतानाच, लिनियस विद्यापीठाच्या बागेत इतरांना वनस्पतीशास्त्र शिकवू लागले. 1732 मध्ये त्यांनी उत्तरेकडील लॅपलँडचा काही महिन्यांचा प्रवास केला. त्या नोंदींवरून ‘फ्लोरा लॅपोनिका’ हे पुस्तक 1737 मध्ये प्रसिद्ध झाले.

नेमकी अडचण काय होती?

सतराव्या आणि अठराव्या शतकात युरोपची जहाजे जगभर फिरत होती. आशिया, आफ्रिका आणि अमेरिकेतून वाळवलेली झाडे, बिया, शिंपले, कातडी यांचे पेटारे बंदरांत उतरत होते. हे सारे बसवायचे कुठे, यावर एकमत नव्हते. प्रत्येक अभ्यासकाची विभागणी वेगळी आणि नावेही वेगळी.

नाव म्हणजे तेव्हा एक लांबलचक लॅटिन वर्णन असे. वर्षभर जगणारी, खूप फांद्यांची, फांद्या कोनदार व गुळगुळीत, पाने दातेरी, एवढे सगळे मिळून एका झाडाचे नाव व्हायचे. त्याच्यासारखे दुसरे झाड सापडले की, फरक कळावा म्हणून जुन्या नावात आणखी शब्द घालावे लागत. माहिती वाढत गेली तशी नावे लांबत गेली. एकच झाड दोन पुस्तकांत दोन नावांनी येई आणि वाचणाऱ्याला ती दोन वेगळी झाडे वाटत.

त्यात वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह जाड वह्यांत चिकटवून बांधण्याचा प्रघात होता. एकदा वही बांधली की, क्रम कायमचा ठरला. नवा नमुना आला तर तो शेवटी जाणार, मग त्याचे सगेसोयरे पहिल्या पानावर का असेनात.

मित्राच्या हस्तलिखितांचे काय झाले?

उप्सालाला लिनियस यांची पेटर आर्टेडी या विद्यार्थ्याशी मैत्री झाली. दोघांनी निसर्गाची जणू वाटणी करून घेतली. मासे आर्टेडी यांच्याकडे, पक्षी आणि कीटक लिनियस यांच्याकडे. दोघांपैकी जो मागे राहील, त्याने दुसऱ्याचे अपुरे काम जगापुढे आणायचे, असेही ठरले.

1735 मध्ये दोघे हॉलंडमध्ये पुन्हा भेटले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आर्टेडी ॲमस्टरडॅममध्ये रात्री कालव्यात पडून बुडाले. वय अवघे तिशीचे. भाडे थकल्यामुळे घरमालक त्यांची हस्तलिखिते सोडेना. लिनियस यांचे धनवान आश्रयदाते जॉर्ज क्लिफर्ड यांनी पैसे भरले, तेव्हा कागद हाती आले. 1738 मध्ये लिनियस यांनी ‘इक्थिओलॉजिया’ या नावाने ते काम प्रसिद्ध केले. माशांच्या अभ्यासातला तो पायाभूत ग्रंथ मानला जातो. आर्टेडी यांनी सर्व माशांचे वर्णन ठरावीक क्रमाने लिहून ठेवले होते. म्हणूनच त्यांच्या मागे दुसऱ्या माणसाला ते काम पुरे करता आले.

24 कप्पे कसे ठरले?

1735 मध्येच लायडन येथे लिनियस यांचे ‘सिस्टिमा नॅचुरी’ छापले गेले. मोठ्या आकाराची जेमतेम डझनभर पाने आणि त्यांवर तक्ते. खनिजे, वनस्पती आणि प्राणी यांची अख्खी मांडणी एका नजरेत दिसावी, असा तो प्रयत्न होता.

वनस्पतींसाठी त्यांनी 24 वर्ग केले. वर्ग ठरवायचा तो मुख्यतः फुलातील पुंकेसर मोजून आणि त्यांची ठेवण पाहून. त्याखालचा गट स्त्रीकेसरांवरून. फूल हाती घ्या, मोजा आणि कप्पा शोधा, इतके हे सोपे होते. नवशिक्या विद्यार्थ्यालाही अर्ध्या दिवसात ही रीत समजे आणि पूर्वी कधीही न पाहिलेल्या झाडाची जागा काही मिनिटांत काढता येई.

ही मांडणी कृत्रिम आहे, याची लिनियस यांना जाणीव होती. केवळ केसरांची संख्या जुळली म्हणून दोन झाडे एकमेकांची नातलग ठरत नाहीत. खरी नाती सांगणारी नैसर्गिक मांडणी व्हायला हवी, असे ते मानत आणि त्या दिशेने प्रयत्नही करत. ती तयार होईपर्यंत मात्र काम थांबवून ठेवायचे नाही, हा त्यांचा व्यवहार होता. 1736 मध्ये त्यांनी ‘मेथडस’ हे एका कागदावर मावणारे टिपण छापले. कोणत्याही जीवाचे किंवा खनिजाचे वर्णन करताना नावापासून उपयोगापर्यंत काय काय आणि कोणत्या क्रमाने लिहायचे, याची ती यादी होती. वर्णन कोणीही केले तरी माहिती त्याच जागी सापडणार, हा त्याचा फायदा.

दोन शब्दांचे नाव ही केवळ सोय होती?

सुरुवातीला तरी हो. लिनियस 1738 मध्ये स्वीडनला परतले. 1739 मध्ये त्यांचा सारा एलिझाबेथ मोरिया यांच्याशी विवाह झाला आणि 1741 मध्ये ते उप्सालाला प्राध्यापक झाले. जगातील सर्व ज्ञात वनस्पतींची एकच सूची करण्याचे काम त्यांनी 1746 मध्ये हाती घेतले, 1748 मध्ये ते मध्येच थांबले आणि 1751 मध्ये पुन्हा सुरू झाले.

दरम्यान 1749 मध्ये स्वीडनमधील गुरे कोणती झाडे खातात, याची पाहणी विद्यार्थ्यांकडून करून घेण्यात आली. गाय, शेळी, मेंढी, घोडा आणि डुक्कर यांच्यापुढे शेकडो वनस्पती ठेवून खाल्ले की नाही, ते लिहायचे होते. प्रत्येक वेळी ओळभर लांब नाव लिहिणे शक्यच नव्हते. तेथे प्रजातीच्या नावापुढे एकच शब्द जोडून काम भागवले गेले.

हीच युक्ती 1753 मध्ये ‘स्पीशीज प्लँटारम’ या दोन खंडांच्या ग्रंथात सर्व वनस्पतींना लावण्यात आली. सुमारे 5,900 जातींची त्यात नोंद आहे. लांब वर्णन मजकुरात होतेच. त्याच्या शेजारी, समासात, तो एक शब्द छापला होता. पहिला शब्द कुळाच्या आडनावासारखा, दुसरा व्यक्तीच्या नावासारखा. दुसऱ्या शब्दाने झाडाचे पूर्ण वर्णन केलेच पाहिजे, ही अट गेली. तो फक्त ओळख पटवणारी खूण झाला. त्यामुळे उद्या नवी जात सापडली तरी जुन्या नावाला धक्का लावण्याची गरज उरली नाही.

लिनियस यांच्या लेखी खरे नाव ते लांब वर्णनच होते. जगाने मात्र समासातला शब्द उचलला. वनस्पतींच्या आजच्या शास्त्रीय नावांचा आरंभ 1 मे 1753 पासून धरला जातो आणि प्राण्यांच्या नावांचा 1 जानेवारी 1758 पासून. दुसरी तारीख ‘सिस्टिमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीशी जोडलेली आहे.

कपाट, कोरी पाने आणि चिठ्ठ्या

लिनियस यांनी वाळवलेली झाडे वहीत बांधली नाहीत. एका कागदावर एक नमुना आणि कागद सुटा. 1751 च्या ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’ या ग्रंथात त्यांनी अशा कागदांसाठी अरुंद, उंच कपाटाची रचना दिली. त्यात 24 वर्गांसाठी 24 कप्पे होते. नवा नमुना आला की, तो नातलगांच्या शेजारी सरकवायचा. मत बदलले तर कागद उचलून दुसऱ्या कप्प्यात ठेवायचा. या ग्रंथाची बांधणीही नेटकी होती. नियम 365 आणि प्रत्येकाला क्रमांक, त्यामुळे एकातून दुसऱ्याचा संदर्भ देणे सोपे झाले.

दुसरी युक्ती कोऱ्या पानांची. स्वतःचे पुस्तक छापून झाले की, ते एक प्रत अशी बांधून घेत की, छापील पानांच्या मध्ये कोरी पाने यावीत. पत्रातून काही नवे कळले, चूक सापडली, नवी जात आली, की ते त्या त्या जागी समोरच्या कोऱ्या पानावर उतरे. पुढच्या आवृत्तीची तयारी अशी मागची आवृत्ती बाहेर पडल्यापासूनच सुरू होई. 1735 मधील डझनभर पानांच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ची बारावी आवृत्ती 1766 ते 1768 दरम्यान निघाली, तेव्हा तिचे तीन खंड आणि दोन हजारांहून अधिक पाने झाली होती.

पण कोरी पानेही भरतात. साठीच्या उंबरठ्यावर, 1767 च्या सुमारास, लिनियस यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली. साधारण 13 बाय 7.5 सेंटिमीटरच्या एकसारख्या चिठ्ठ्या कापून एका चिठ्ठीवर एकच जात किंवा प्रजाती लिहायची. चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसता येतात, मध्ये नवी घालता येते, दोन शेजारी ठेवून ताडता येतात. अशा हजारभर चिठ्ठ्या आजही लंडनमध्ये जपून ठेवल्या आहेत. पुढे ग्रंथालयांत आणि कचेऱ्यांत रुळलेल्या कार्डांच्या त्या पूर्वज म्हणता येतील.

लिहिण्याचे श्रमही त्यांनी कमी केले. वर्षभर जगणाऱ्या झाडाला सूर्याची खूण, दोन वर्षे जगणाऱ्याला मंगळाची, अनेक वर्षे टिकणाऱ्याला गुरूची आणि लाकूड धरणाऱ्या झाडाला शनीची. मंगळाची प्रदक्षिणा सुमारे दोन वर्षांची, गुरूची बारा आणि शनीची जवळपास तीस, त्यामुळे खूण लक्षात ठेवायला वेगळे कष्ट नकोत. नर आणि मादीसाठी आज सर्वत्र वापरली जाणारी चिन्हेही जीवशास्त्रात त्यांनीच रूढ केली.

संग्रहाची काळजीही पद्धतशीर होती. 1766 मध्ये उप्सालात मोठी आग लागली. त्यानंतर त्यांनी शहराबाहेर हमारबी येथील आपल्या मळ्यावर संग्रहासाठी स्वतंत्र दगडी इमारत बांधली. ती 1769 मध्ये पूर्ण झाली.

काम वाटून देण्याची किंमत कोणी मोजली?

एका माणसाने जग पाहणे अशक्य, हे लिनियस यांना लवकर कळले होते. 1734 मध्ये दालार्ना प्रांताच्या पाहणीला निघताना त्यांनी तुकडीतील प्रत्येक तरुणाला स्वतंत्र विषय दिला होता. उप्सालातील त्यांच्या रानातल्या सहली तर प्रसिद्धच होत्या. शेकडो विद्यार्थी, नोंदी घेणारा वेगळा, शिस्त पाहणारा वेगळा आणि संध्याकाळी वाजतगाजत शहरात परत. त्यांच्या हाताखाली 186 प्रबंध सादर झाले.

यातूनच 17 शिष्य दूरदेशी गेले. त्यांना लिनियस यांचे ‘प्रेषित’ म्हटले जाते. काय पाहायचे, कसे वाळवायचे, कसे लिहायचे, याची शिकवण एकच. त्यामुळे उत्तर अमेरिकेतून पेर काल्म यांनी आणलेला नमुना आणि जपानमधील कार्ल पेटर थुनबर्ग यांची नोंद एकाच व्यवस्थेत बसली. मात्र या व्यवस्थेने माणसेही खाल्ली. क्रिस्टोफर टार्नस्ट्रोम चीनच्या वाटेवर 1746 मध्ये दगावले. फ्रेड्रिक हासेलक्विस्ट 1752 मध्ये स्मर्नाजवळ, पेर लोफलिंग 1756 मध्ये व्हेनेझुएलात आणि पेटर फोर्सकोल 1763 मध्ये येमेनमध्ये मरण पावले. उप्सालातील कपाटात येणाऱ्या काही कागदांची ही किंमत होती.

भारताशी, गोव्याशी संबंध काय?

लिनियस भारतात कधी आले नाहीत. भारतातील झाडे त्यांच्यापर्यंत पोहोचली ती मुख्यतः पुस्तके आणि नमुन्यांतून. त्यातला सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ ‘हॉर्टस मलबारिकस’. मलबारचे डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रीडे यांनी तो तयार करवून घेतला. 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅममध्ये त्याचे 12 खंड निघाले आणि त्यांत सातशेहून अधिक वनस्पती आहेत. त्यामागे केरळचे वैद्य इट्टी अच्युतन यांचे ज्ञान होते. तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्यही होते. गोव्यातून कोचीनकडे गेलेल्या सारस्वत समाजातले ते. त्यांचे कोकणी भाषेतील, नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे.

लिनियस यांनी ‘स्पीशीज प्लँटारम’मध्ये या ग्रंथाचे संदर्भ वारंवार दिले. आंबा ‘मँगिफेरा इंडिका’ झाला, पिंपळ ‘फायकस रिलिजिओसा’, वड ‘फायकस बेंगालेन्सिस’, चिंच ‘टॅमरिंडस इंडिका’, हळद ‘कुर्कुमा लोंगा’. रात्री फुलून पहाटे सडा घालणाऱ्या प्राजक्ताच्या नावात त्यांनी ‘आर्बोर-ट्रिस्टिस’ म्हणजे दुःखी झाड हे शब्द घातले. ‘प्रेषितां’च्या यादीत नसलेला त्यांचा आणखी एक विद्यार्थी, योहान कोनिग, 1768 मध्ये दक्षिण भारतातील त्रांकेबार येथे आला आणि ही पद्धत भारतात प्रत्यक्ष वापरू लागला.

या आटोपशीरपणात काही हरवलेही. प्रजातीची नावे ग्रीक किंवा लॅटिन मुळांचीच असावीत, असा लिनियस यांचा आग्रह होता. वैद्यांनी सांगितलेले स्थानिक नाव आणि गुण संदर्भाच्या एका ओळीत गेले, ज्यांनी ते सांगितले त्यांची नावे तर त्या ओळीतही आली नाहीत.

पद्धत कुठे घातक ठरली?

सगळे कप्प्यात बसवण्याच्या सवयीने लिनियस यांनी माणसालाही कप्प्यात बसवले. माणसाला प्राण्यांच्या तक्त्यात जागा देणे हे त्या काळी धाडसाचे होते. पण 1735 मध्येच त्यांनी खंड आणि वर्णानुसार माणसाचे चार प्रकार केले. 1758 च्या आवृत्तीत प्रत्येक प्रकाराला स्वभाव आणि राज्यव्यवस्थाही चिकटवली. युरोपीय माणसाला बुद्धी आणि कायदा दिला, इतरांना हट्ट, लोभ, आळस असे दोष. यात मोजलेले काहीच नव्हते. प्रवाशांच्या गोष्टी आणि जुने पूर्वग्रह होते. पुंकेसर मोजून भरलेल्या तक्त्याशेजारी तसाच तक्ता छापला गेल्यामुळे तेही शास्त्र वाटू लागले. पुढील शतकांत वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांना त्याचा आधार मिळाला.

अखेरच्या वर्षांत काय घडले?

1761 मध्ये लिनियस यांना उमरावपद मिळाले आणि ते कार्ल फॉन लिने झाले. 1774 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, दोन वर्षांनी पुन्हा. हजारो नावे मुखोद्गत असलेल्या या माणसाची स्मृती गेली. स्वतःचीच पुस्तके चाळताना ती कोणी लिहिली, हेही त्यांना आठवत नसे, असे सांगतात. 10 जानेवारी 1778 रोजी उप्साला येथे त्यांचे निधन झाले.

मुलगा कार्ल याचेही 1783 मध्ये निधन झाले. कुटुंबाने संग्रह विकायला काढला. जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुण इंग्रज अभ्यासकाने 1784 मध्ये हजार गिनींच्या आसपास रकमेला तो घेतला आणि 1788 मध्ये लंडनमध्ये लिनियन सोसायटी स्थापन झाली. मालक बदलला, देश बदलला, तरी कपाटातला कुठलाही कागद कुठे बसतो, हे स्मिथ यांना नव्याने कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

24 वर्गांची मांडणी एकोणिसाव्या शतकात मागे पडली. वनस्पतींची खरी नाती शोधणाऱ्या मांडण्या आल्या आणि आता तर जनुकांवरून नाती ठरतात. दोन शब्दांची नावे मात्र राहिली. कडुनिंब हे त्याचे घरचे उदाहरण. 1753 मध्ये लिनियस यांनी त्याला ‘मेलिया’ या प्रजातीत टाकून फारसी नावावरून ‘अझाडिराक्टा’ हा दुसरा शब्द दिला. 1830 मध्ये फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञ आद्रियां द ज्युसियू यांनी झाड त्या कप्प्यातून काढले आणि त्याच शब्दावरून त्याची स्वतंत्र प्रजाती केली. आज नर्सरीतल्या पाटीवर कडुनिंबाखाली ‘अझाडिराक्टा इंडिका’ असे लिहिलेले असते.